अबुकीरचा प्लग

नीतीच्या प्रश्नाचा ऊहापोह करावयाचा तर त्याचा आरंभ एखाद्या थोर वचनाने व्हावा, अशी आपल्याकडील रीत आहे. मला मात्र आज स्पार्क प्लगपासून आरंभ करावयाचा आहे. बोटभर लांबीची ही वस्तू. तिच्या टोकाशी केसाएवढी फट असते. त्या फटीतून ठिणगी उडते, पेट्रोलचा भडका होतो आणि इंजिनातला दट्ट्या खाली ढकलला जातो. ज्यांनी जुनी स्कूटर आडवी करून, घामाघूम होऊन किका मारल्या आहेत आणि शेवटी पान्याने प्लग काढून पॉलिश पेपरने त्याची काजळी खरवडली आहे, त्यांना या वस्तूचे माहात्म्य मी सांगावयास नको. प्लग बसला की यंत्र बसले. स्कूटरचा मालक मग गाडी ढकलत घरी जातो. विमानाच्या मालकाला ती सोय नाही.

१९३० सालासाठी आगाखानांनी एक बक्षीस लावले होते. इंग्लंड आणि हिंदुस्थान यांमधील प्रवास जो हिंदी माणूस विमानातून एकट्याने आणि ठरलेल्या मुदतीत प्रथम पुरा करील, त्याला पाचशे पौंड. त्या काळच्या दराने हे साडेसहा हजारांहून थोडे अधिक रुपये होतात. तिघांनी ही पैज उचलली. रावळपिंडीचे मनमोहन सिंग, कराचीचे अस्पी इंजिनिअर आणि मुंबईचे जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा, ज्यांना पुढे सारा देश जे.आर.डी. म्हणून ओळखू लागला. टाटांचे वय पंचवीस. वैमानिकाचा परवाना त्यांना आदल्या वर्षीच, १० फेब्रुवारी १९२९ रोजी मिळाला होता. अस्पी अवघा सतरा वर्षांचा. परंतु त्याच वर्षी मार्च महिन्यात आर. एन. चावला यांच्यासोबत तो कराचीहून इंग्लंडला उडत गेला होता. तो प्रवास दोघांचा होता, म्हणून बक्षिसाला चालण्याजोगा नव्हता. तेव्हा हा मुलगा इंग्लंडहून एकटा परत निघाला, आणि टाटा मे महिन्याच्या आरंभी कराचीहून उलट दिशेने निघाले.

विमाने 'जिप्सी मॉथ' जातीची. लाकडी सांगाडा, त्यावर कापड ताणलेले, बैठक उघडी, वेग ताशी सुमारे १४० किलोमीटर. बिनतारी यंत्र नाही. होकायंत्र, मांडीवर नकाशा आणि डोळे, एवढीच साधने. कराची सोडली की इराणचा उजाड किनारा, मग इराकची वाळू, पुढे पॅलेस्टाइन, मिसर आणि त्यानंतर भूमध्य समुद्र. आज नागपूरहून मुंबईला जाणारा माणूस पाणी संपले म्हणून विमानातल्या सेविकेवर चिडतो. त्याने क्षणभर डोळे मिटून त्या उघड्या बैठकीत स्वतःला बसवून पाहावे.

मिसर देशात अलेक्झांड्रियाजवळ अबुकीर नावाचे ठिकाण आहे. टाटा तेथे उतरले तो दुसरे एक मॉथ विमान उभे! अस्पी इंजिनिअर तेथे अडकून पडला होता. प्लग निकामी झाले होते, जास्तीचे जवळ नव्हते, आणि कोठून तरी येतील म्हणून तो वाट पाहत बसला होता. टाटांपाशी जास्तीचे प्लग होते. त्यांनी ते दिले. दोघेही आपापल्या दिशेने उडाले. अस्पी कराचीला पोचला आणि काही तासांच्या अंतराने बक्षीस त्याचे झाले. मनमोहन सिंगांचाही प्रवास पुरा झाला होता, परंतु मुदत ओलांडल्यामुळे ते बाद ठरले. (या तिसऱ्या वीराला आपण फारच लवकर विसरलो. १९४२ साली ऑस्ट्रेलियातील ब्रूम बंदरावर जपान्यांनी हल्ला केला, त्यात ते मारले गेले.)

ही गोष्ट मी माझ्या वर्गात पुष्कळ वर्षे सांगत आलो आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांशी माझा परिचय भाषांतरांतून झालेला, आणि तोही तुटपुंजा. पण मुलांचे प्रश्न ऐकण्यासाठी पदवी लागत नाही. गोष्ट संपली की वर्गातून हमखास एक प्रश्न येतो. दर वर्षी विचारणारा वेगळा, प्रश्न तोच : "सर, प्लग दिले नसते तर टाटा जिंकले असते ना?" होय, बहुधा जिंकले असते. मग वर्गात जी कुजबूज होते तिचा अर्थ मला कळतो. टाटा भला माणूस, पण जरा भोळा.

त्या मुलांना दोष कसा द्यावा? पाचवीपासून शिष्यवृत्ती, आठवीपासून शिकवणी, दहावीनंतर डॉक्टर किंवा इंजिनिअर होण्याच्या प्रवेश परीक्षा. नागपुरातल्या चौकाचौकांत पहिल्या आलेल्या मुलामुलींचे चेहरे टांगलेले असतात. जो चेहरा फलकावर नाही, तो कोठे गेला हे कोणी विचारीत नाही. आपल्या वहीवर हात आडवा धरून लिहिणारी मुले मी रोज पाहतो. शेजाऱ्याने पाहू नये म्हणून आडवा धरलेला तो हात पुढे जन्मभर तसाच राहतो.

या गोष्टीचे मला नेहमी वाटत आलेले मर्म असे की टाटांना दोन वेगळ्या गोष्टींतला फरक कळला होता. शर्यत निराळी आणि युद्ध निराळे. आपल्याकडे प्रतिस्पर्ध्याचे वाहन अडकल्याची सर्वांत मोठी कथा महाभारतात आहे. कर्णाच्या रथाचे चाक भूमीने गिळले. तो खाली उतरला, चाक उपसू लागला आणि थांब म्हणाला. अर्जुन थांबला नाही, कृष्णाने थांबू दिले नाही. द्रौपदीच्या वेळी, अभिमन्यूच्या वेळी तुझा धर्म कोठे होता, असे कृष्णाने विचारले आणि कर्णाला उत्तर सुचले नाही. तो प्रश्न न्याय्य होता की नव्हता, यावर मराठी माणसाने आजवर पुष्कळ शाई खर्च केली आहे. तीत मी थेंबाची भर घालीत नाही. एवढेच म्हणतो की ते युद्ध होते. युद्धात समोरचा नाहीसा व्हावा, हाच हेतू असतो. चाक रुतले काय, बाण लागला काय, तो नाहीसा झाला की काम झाले.

शर्यतीचे तसे नाही. शर्यतीत समोरचा माणूस असावाच लागतो, आणि धडधाकट असावा लागतो. तो नसेल तर मी कोणाच्या पुढे आलो? अस्पी अबुकीरला बसून राहिला असता आणि टाटा पुढे लंडनला पोचले असते, तर त्यांनी अस्पीला हरवले असे म्हणता आले नसते. त्यांनी चार निकामी प्लगांना हरवले, एवढेच म्हणता आले असते. आणि गंमत पाहा. याच अबुकीरच्या उपसागरात १७९८ साली नेल्सनने नेपोलियनचे आरमार बुडविले; इतिहासाच्या पुस्तकांत हे नाव येते ते तेवढ्यासाठी. नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजांवर तो अचानक चालून गेला, आणि युद्धाच्या दृष्टीने ते बरोबरच होते. एका ठिकाणी घडलेल्या दोन घटना. आपण मुलांना पहिली पाठ करायला लावतो.

दुसरेही एक मला सुचते. बक्षिसाची अट 'एकट्याने' अशी होती. पण एकट्याने म्हणजे कसे? इराक आणि ट्रान्सजॉर्डनच्या वाळवंटात वैमानिकाला वाट सापडावी म्हणून १९२१ साली मोटारींच्या चाकोऱ्या उमटवून आणि जागोजाग नांगराचे तास ओढून खुणा केलेल्या होत्या. बियाण्यासाठी नव्हे, केवळ वरून दिसावे म्हणून ओढलेले तास! आमच्या वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला हे सांगितले तर तो हसेल. रुत्ब्याच्या किल्ल्यापाशी पेट्रोल कोणी तरी आणून ठेवलेले असे. विमानात एक माणूस होता हे खरे. त्याच्या पाठीशी किती होते, याची मोजदाद बक्षीस लावणाऱ्याला कशी करता येणार? नागपूरकरांना तरी हे लवकर कळावे. १९४९ पासून १९७३ पर्यंत सोनेगावच्या धावपट्टीवर रोज मध्यरात्री दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार दिशांची चार विमाने उतरत, एकमेकांच्या डाकेच्या थैल्या घेत आणि पहाटेपूर्वी ज्याच्या त्याच्या गावाला परत जात. मद्रासच्या माणसाने दिल्लीच्या मुलीला लिहिलेले पत्र आमच्या गावात अर्ध्या रात्री हात बदलून जाई. या रात्रीच्या डाकेची योजना तोट्याची ठरेल असे म्हणून जे.आर.डीं.नी आरंभी तिला विरोधच केला होता, हेही नमूद केले पाहिजे. थोर माणसाचे प्रत्येक मत बरोबर असावे असा माझा आग्रह नाही.

असा हा माझा विचार बरीच वर्षे सुखाने चालला होता. त्याला तडा गेला तो माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्यामुळे.

हा मुलगा वर्गात हुशार म्हणण्याजोगा नव्हता, पण पायाने चपळ. घरी आई, शेती दोन एकर, तीही कोरडवाहू. त्याने पोलीस भरतीची तयारी केली. पहाटे चारला उठून डांबरी रस्त्यावर धावणारी अशी मुले विदर्भातल्या प्रत्येक तालुक्यात दिसतात. मोटारीच्या उजेडात क्षणभर चमकतात आणि अंधारात जातात. भरतीच्या दिवशी त्याची सोळाशे मीटरची धाव सकाळच्या तुकडीत झाली. त्याच्या गावचा, त्याच्याच प्रवर्गातला एक मित्र पुढच्या तुकडीत होता. अंग मोकळे करताना मित्राच्या बुटाचा तळ उकलला. याने आपले बूट काढून दिले. मित्र ते घालून धावला आणि चांगला धावला. अंतिम यादी लागली तेव्हा मित्राचे नाव तीत होते. याचे नाव प्रतीक्षा यादीत पहिले. फरक एका गुणाचा.

आज तो शहरात मोटारसायकलवरून घरोघरी पार्सले पोचवतो. मला रस्त्यात भेटला आणि सारी हकीकत त्याने हसत हसत सांगितली. शेवटी म्हणाला, "मी काही पस्तावून नाही राहिलो सर. बूट दिले ते बरोबरच होतं. पण तुम्ही ते टाटाची गोष्ट सांगता ना, तर पूर्ण सांगत जा. त्यांच्या घरी गिरणी होती हे बी सांगत जा."

एम्प्रेस मिल! जमशेटजींनी १८७७ साली आमच्या नागपुरात काढलेली. तिच्या भोंग्यावर या शहराच्या दोन-तीन पिढ्यांनी घड्याळे लावली. आता त्या जागी मॉल उभा आहे, आणि गिरणी कोठे होती हे मुलांना मॉलची खूण सांगूनच सांगावे लागते. त्या मुलाच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, म्हणूनच ते मला अधिक लागले. पाचशे पौंड गेले म्हणून टाटांच्या घरी चूल विझणार नव्हती. एका गुणासाठी त्याची नोकरी गेली, आणि तीबरोबर आईच्या डोळ्यांचे ऑपरेशन, घरावरची पत्रे, कदाचित लग्नही, सारे लांबणीवर पडले. ज्याच्यापाशी गिरणी आहे त्याने शर्यतीला शर्यत म्हणावे, हे सोपे आहे. ज्याच्यापाशी काही नाही त्याच्यासाठी ती शर्यत युद्धाच्या इतकी जवळ सरकलेली असते की मधली रेघ दिसेनाशी होते. ही रेघ त्याने पुसलेली नसते. हजारो तरुण आणि मूठभर जागा अशी मांडणी ज्यांनी केली, त्यांनी ती पुसलेली असते.

म्हणून मी माझ्या विचारात दुरुस्ती करू पाहिली. गरिबाने देऊ नये, असे म्हणावे काय? पण त्याने तर दिले होते! गिरणी नसताना दिले होते, आणि पस्तावत नव्हता. तेव्हा दातृत्वाला गिरणी लागते हे खरे नाही. दोघांनी केलेले कृत्य एकच, पण टाटांना ते स्वस्त पडले आणि याला महाग. ज्याला स्वस्त पडले त्याची गोष्ट आपण वर्गात सांगतो. ज्याला महाग पडले त्याची गोष्ट त्यानेच भर रस्त्यात, पार्सलांच्या थैलीवर हात टेकून, एका जुन्या मास्तराला सांगावी लागते.

यावर कोणी म्हणेल, फळ पाहा. अस्पी इंजिनिअर पुढे हवाई दलात गेले, १९६० ते १९६४ या काळात भारताचे हवाई दलप्रमुख झाले, आणि निवृत्तीनंतर इराणमध्ये भारताचे राजदूत झाले. पोरवयात ज्या देशाच्या किनाऱ्यावरून ते उडत गेले, त्याच देशात. एका प्लगातून देशाला एअर मार्शल मिळाला! हा हिशोब मला मुळीच पटत नाही. अस्पी पुढे काहीच झाले नसते, कराचीत सायकलींचे दुकान काढून बसले असते, तरी अबुकीरला प्लग देणे तितकेच बरोबर ठरले असते. चांगल्या कृत्याला वीस-तीस वर्षांनी लागणाऱ्या फळाचा दाखला जोडावा लागत असेल, तर ते कृत्य नव्हे, ठेव आहे.

मला त्या दिवसापासून अधिक कुतूहल वाटू लागले ते घेणाऱ्याचे. देणाऱ्यावर आपण पाने भरून लिहितो. घेणाऱ्याचे काय? प्रतिस्पर्ध्याकडून प्लग घेऊन अस्पी उडाला आणि जीव तोडून उडाला. त्याने संकोचाने वेग कमी केला असता, 'पहिला मान तुमचा' म्हणून मागे राहिला असता, तर प्लगचा अपमान झाला असता. घेतल्यावर पूर्ण ताकदीने धावणे हीच घेण्याची रीत आहे, आणि ती देण्याहून अवघड आहे. कादंबरी लिहिताना मला हे नेहमी जाणवते : उपकार करणारे पात्र आपोआप उभे राहते, उपकार घेणाऱ्याला उभे करताना घाम फुटतो.

मी त्या मुलाला मित्राबद्दल विचारले. तो जरा गप्प झाला. मित्र आता शिपाई आहे, चौकात कधी ड्यूटीवर दिसतो. दिसला की मान वळवतो. पहिल्या पगारात त्याने याच्यासाठी नवे, भारी किमतीचे बूट आणले होते. याने घेतले नाहीत. "मी काय बूट विकले होते सर? मी म्हटलं, नेऊन दे वापस." तेव्हापासून बोलणे बंद.

येथे मात्र माझे त्या मुलाशी जुळेना. नोकरी गेली तरी याची मान ताठ आहे, आणि नोकरी मिळाली त्याची मान वळलेली आहे. हे असे का व्हावे? बूट देताना याने मित्राला शर्यतीत परत घेतले होते. बूट नाकारताना त्याला कायमचा ऋणको करून ठेवले. देणाऱ्याच्या हाती एक मोठी सत्ता येते, आणि ती सत्ता सोडून द्यावयाची असेल तर एकच मार्ग असतो : समोरचा जे काही परत देईल ते, लहान असो की मोठे, निमूटपणे घ्यावे. देण्याचा हा उत्तरार्ध आपल्या साऱ्या दानकथांतून गळालेला दिसतो. आपले दाते देतात आणि पुतळ्यासारखे उभे राहतात.

अबुकीरच्या गोष्टीचाही उत्तरार्ध आहे. प्लग मिळाल्यावर अस्पीने आपले तरंगते जाकीट, समुद्रात पडल्यास माणसाला वर धरणारे ते जाकीट, टाटांना आग्रहाने दिल्याची आठवण सांगितली जाते. अस्पीचा समुद्र ओलांडून झाला होता, टाटांचा पुढे होता. हा भाग मुले विसरतात. प्लग तेवढा लक्षात ठेवतात. हाही विसरला होता. मी त्याला तेथेच, रस्त्याच्या कडेला, पुन्हा सांगितले.

"मग टाटानं घेतलं ते?"

"घेतलं."

"आणि लागलं का कामी?"

"नाही. विमान समुद्रात पडलंच नाही."

"म्हणजे फुकटच वागवलं," असे म्हणून तो हसला. मग फोनमध्ये पुढचा पत्ता पाहिला, मागची थैली नीट ओढून घेतली आणि गाडी सुरू केली.